कोपेश्वर मंदिर, खिद्रापूर : दस्तावेजीकरणाच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

कुरुंदवाड मागे टाकले की खिद्रापूरचा रस्ता उसाच्या शेतांतून कृष्णेच्या काठाने जातो. शिरोळ तालुक्यातले हे गाव महाराष्ट्राच्या अगदी कडेला आहे. नदी ओलांडली की कर्नाटक लागते. कोपेश्वराचे मंदिर गावाबाहेर माळावर नसून घरांच्या मध्ये उभे आहे, त्यामुळे एका साध्या गल्लीच्या तोंडाशी अचानक काळ्या पाषाणाची एवढी मोठी वास्तू समोर येते आणि पहिली काही मिनिटे हातातली वही उघडायचे भान राहत नाही.

आम्ही तिघे आहोत. मी वास्तुरचनेची बाजू पाहतो, एक सहकारी मूर्तिशास्त्राची अभ्यासक आहे आणि तिसरा विद्यार्थी रेखाटने करतो. वास्तू १९५४ पासून केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. भिंतीला हात न लावता, शिडी न टेकवता आणि छतावर न चढता जेवढे नोंदवता येईल तेवढेच आमचे काम आहे. ही मर्यादा सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण पुढच्या काही नोंदींत तिची आठवण येणार आहे.

वहीच्या प्रत्येक पानावर तीन रकाने आखले आहेत : दगडात काय दिसते, गावात काय सांगितले जाते आणि आम्हाला काय वाटते. आजवर या मंदिरावर जे वाचले त्यात हे तिन्ही इतके एकजीव झालेले होते की वाचणाऱ्याला वस्तुस्थिती आणि आख्यायिका यांच्यातला सांधा सापडत नव्हता. आख्यायिका गाळायची नाही. तिला तिचा स्वतंत्र रकाना द्यायचा आहे.

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

आजचा दिवस मांडणीसाठी ठेवला होता. मंदिर पूर्वाभिमुख असून पूर्वेकडून आत जाताना स्वर्गमंडप, सभामंडप, अंतराळ (म्हणजे गर्भगृहापुढची लहान जोडखोली) आणि गर्भगृह असा क्रम लागतो. स्वर्गमंडप सभामंडपापासून किंचित सुटा आहे. वर उघडे आकाश असलेला हा मंडप उजेडाने भरलेला असतो, सभामंडपात शिरताच उजेड खांबांमध्ये विरतो आणि गर्भगृहाशी पोहोचेपर्यंत डोळ्यांना अंधाराची सवय करून घ्यावी लागते. उजेडाची ही उतरंड मोजपट्टीने नोंदवता येत नाही, म्हणून विद्यार्थ्याला एकाच उभ्या छेदावर सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशा तीन छटा भरायला सांगितल्या.

दिवसाचा बहुतेक वेळ स्वर्गमंडपातच गेला. एकूण ४८ खांबांचा हा मंडप असून त्यातले आतले १२ खांब वर्तुळात उभे आहेत. त्यांच्या वर छताला सुमारे १३ फूट व्यासाचे गोल मोकळे तोंड आहे आणि त्याच्या बरोबर खाली, जमिनीवर, जवळपास त्याच मापाची एक वर्तुळाकार शिळा बसवलेली आहे. आतले खांब चरकावर फिरवल्यासारखे गुळगुळीत आणि कड्याकड्यांचे आहेत. बेसाल्टसारख्या कठीण दगडावर इतकी एकसारखी गोलाई आणणाऱ्या पाथरवटांच्या हाताचा अंदाज यायचा असेल, तर आधी एखाद्या साध्या पाट्यावर टाकीचे चार घाव घालून पाहावेत. वर वर्तुळाच्या कडेने कार्तिकेय आणि आपापल्या वाहनांवर बसलेले दिक्पाल, म्हणजे दिशांचे रक्षक देव, आहेत. त्यांची ओळख पटवण्याचे काम सहकारी उद्या करील.

छत उघडे का, या प्रश्नावर गावात दोन उत्तरे मिळतात. होमाचा धूर बाहेर जावा म्हणून ते मुद्दाम उघडे ठेवले, असे काहीजण सांगतात. मंदिर अपुरे राहिले, असे इतर म्हणतात. दगडाची रचना यातले कोणतेही उत्तर एकट्याने सिद्ध करत नाही, आणि ते का ते सविस्तर लिहितो. या प्रकारच्या छतात खरी कमान नसते. दगडांचे एक कडे बसवले की त्याच्यावरचे कडे थोडे आत सरकवून बसवतात, त्याच्यावरचे आणखी थोडे आत. प्रत्येक दगडाचा पुढे आलेला भाग मागच्या बाजूच्या वजनाने तोलला जातो आणि प्रत्येक कड्यातले दगड एकमेकांना आतून दाबून धरतात. त्यामुळे वरचा शेवटचा दगड बसवलेला नसला तरी खालची कडी ढळत नाहीत. छत पूर्ण व्हायचे राहिले असते तरी ते असेच शतकानुशतके उभे राहिले असते. म्हणजे ते इतकी वर्षे टिकले, यावरून ते मुद्दाम उघडे ठेवले असा निष्कर्ष काढता येत नाही.

खरा पुरावा तोंडाच्या काठावर असायला हवा. शेवटच्या कड्याच्या माथ्यावर पुढचा थर टेकवण्यासाठी बैठक काढलेली असेल, तर काम थांबले असे म्हणता येईल. माथा घडवून पुरा केलेला असेल, तर हेतू उघड होतो. खालून पाहता काठ गोल आणि नेटका दिसतो. खालची शिळा तर तोंडाशी इतकी जुळते की या दोघींचा विचार एकाच वेळी झालेला असणार. माझे मत मुद्दाम उघडे ठेवले या बाजूला झुकते आणि ते तिसऱ्या रकान्यात लिहिले आहे. धुराचे म्हणाल, तर एवढ्या पावसाळ्यांनंतर काजळी टिकणार नाही, म्हणून काजळी नसणे हा त्या सांगण्याविरुद्धचा पुरावा धरलेला नाही.

१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

आज बाहेरच्या भिंती पाहिल्या. मंदिराची बाहेरची भिंत सरळ रेषेत धावत नाही. ती पुन:पुन्हा मोडत, पुढे-मागे होत जाते आणि प्रत्येक मोडीबरोबर सावलीची एक उभी रेघ तयार होते. सकाळी नऊच्या उन्हात या रेघा इतक्या ठसठशीत दिसतात की भिंत आहे त्याहून उंच वाटू लागते. गुण्या लावून कोन घेत गेलो, पण दुपारनंतर उजेड पसरट झाला आणि त्याच भिंतीचा सगळा खोलपणा गेला. छायाचित्रे उद्या सकाळी पुन्हा घ्यावी लागतील.

पायाशी गजपट्ट आहे. हत्ती तोंडे बाहेर करून ओळीने उभे आहेत, त्यांच्या पाठीवर देवता आहेत आणि वरचा सगळा भार जणू त्यांनीच पेलला आहे. अशी कल्पना वेरूळच्या कैलास लेण्यातही आहे, पण तेथे डोंगर वरून खाली कोरत आणला असल्यामुळे हत्ती शेवटी घडले. खिद्रापूरला बांधकाम खालून वर चढत गेले असल्यामुळे हत्तींचा थर सुरुवातीलाच बसवावा लागला. वरचे मोठे दगड चढवताना खालचे घडीव हत्ती शाबूत ठेवायचे, म्हणजे एकतर ते नुसते ठोकळे बसवून मागाहून कोरले असणार, किंवा संपूर्ण काम चालू असताना मातीच्या भरावाखाली झाकून ठेवले असणार. मला पहिली शक्यता अधिक पटते, कारण पायाच्या थराची कोरीव नक्षी शेजारच्या दगडावर सांधा न मोडता पुढे जाते आणि असे सलग कोरणे दगड जागेवर बसल्यानंतरच सोपे जाते.

गजपट्टात ९२ हत्ती आहेत, असे सर्वत्र सांगितले जाते. आम्ही दोघांनी वेगवेगळे मोजले आणि आकडे जुळले नाहीत. बहुतेक हत्तींच्या सोंडा तुटलेल्या आहेत, काहींचे फक्त धड उरले आहे, आणि भिंतीच्या मोडीवर उभा असलेला हत्ती अलीकडच्या बाजूचा धरायचा की पलीकडच्या, हे मोजणीआधी ठरवलेच नव्हते. बाजूला ओट्यावर बसलेल्या एका आजींनी बराच वेळ आमच्याकडे पाहिले आणि विचारले, “हत्ती मोजायलाय सा व्हय? मोजा की, पर तुटक्यास्नीबी धरा.” त्यांचा नियम आमच्या कोणत्याही नियमापेक्षा स्वच्छ होता. उद्याची मोजणी खडूने खुणा न करता, रेखाटनावर प्रत्येक हत्तीला क्रमांक देऊन आणि तुटकेही धरून करायची आहे.

१३ नोव्हेंबर २०२४, बुधवार

गजपट्टाचे रेखाटन सकाळच्या उजेडात पूर्ण झाले. दिक्पालांच्या ओळखीही पटल्या. एका ठिकाणी वाहनावरून ओळख पटते, पण हातातले आयुध झिजलेले आहे. तेथे नाव लिहून पुढे ‘वाहनावरून’ असा शेरा दिला आहे. याशिवाय आज काही झाले नाही.

१४ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

दक्षिणेकडच्या दाराजवळचा शिलालेख पाहिला. यादव राजा सिंघण (दुसरा) याच्या दानाचा हा देवनागरी लेख शके ११३६ चा, म्हणजे इसवी सनाच्या तेराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला आहे. मिरिंजी देशातले कुडलदामवाड हे गाव देवाला दिल्याचे त्यात नोंदलेले आहे. मिरिंजी म्हणजे आजची मिरज. ‘कूडल’ म्हणजे कन्नडमध्ये संगम, तेव्हा गाव दोन प्रवाहांच्या मिळणीवरचे असणार हे नावावरूनच कळते.

या लेखामुळे मंदिराच्या काळाबद्दल एक गोष्ट पक्की होते : सिंघणाने दान दिले तेव्हा देऊळ आणि देव दोन्ही नांदते होते. त्याच्या आधी या प्रदेशावर कोल्हापूरच्या शिलाहारांची सत्ता होती. त्यांचा शेवटचा राजा भोज (दुसरा) याचा पराभव करून सिंघणाने हा मुलूख यादवांच्या राज्यात आणला. मंदिराच्या उभारणीचे श्रेय शिलाहारांना दिले जाते आणि घडणीतला दक्षिणी, चालुक्य वळणाचा हात पाहता ते योग्यही वाटते. जिंकलेल्या मुलखातल्या मोठ्या देवस्थानाला नव्या राजाने गाव तोडून देणे हा भक्तीचा भाग होताच, शिवाय आता येथे राज्य कोणाचे आहे हे दगडावर सांगण्याचाही तो एक मार्ग होता.

माहिती देणारे अनेकजण या मंदिराला ‘हेमाडपंती’ म्हणतात. हा शब्द ज्याच्या नावावरून आला तो हेमाद्री पंडित यादव राजा महादेव आणि रामचंद्र यांच्या दरबारी होता, म्हणजे सिंघणाच्या दानलेखानंतर सुमारे अर्ध्या शतकाने. अंबरनाथचे शिवमंदिर तर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चे आहे आणि तेही सर्रास हेमाडपंती म्हणून दाखवले जाते. चुना न वापरता दगडाला दगड घट्ट बसवून केलेले बांधकाम एवढाच अर्थ त्या शब्दाला आता उरला आहे. बोलताना तो चालून जाईल, परंतु नोंदपत्रात ‘शैली’ या शीर्षकाखाली तो लिहायचा नाही, असे ठरवले. सिन्नरच्या गोंदेश्वराशेजारी हे मंदिर ठेवून पाहावे : तेथे शिखराच्या उभ्या पट्ट्यांमध्ये लहान शिखरांच्या ओळी रचणारी भूमिज पद्धत आहे आणि येथे भिंतीवरच्या थरांपासून खांबांपर्यंत सगळे वळण कर्नाटकाकडचे आहे. दोन्हींना एकच नाव दिले की हा फरक दिसेनासा होतो.

नावाचा प्रश्नही आजच हाती आला. गावात सांगतात ती कथा अशी : दक्षाच्या यज्ञात सतीने देह टाकला तेव्हा शिव कोपला, तो हा कोपेश्वर; आणि त्याचा राग शांत करायला विष्णू आला, तो धोपेश्वर. गर्भगृहात खरोखरच दोन लिंगे आहेत. कथा सुंदर आहे आणि दोन लिंगांचा उलगडाही करते. पण कन्नडमध्ये ‘कोप्प’ म्हणजे वस्ती, लहान गाव, आणि शिलालेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी चोळ राजा राजाधिराज ज्या कोप्पमच्या लढाईत मारला गेला ते कोप्पम म्हणजे खिद्रापूर असावे, असे याच देवाच्या नावावरून मांडले होते. ती लढाई १०५४ च्या सुमाराची. इतर अभ्यासक ते ठिकाण कर्नाटकातले कोप्पळ धरतात, त्यामुळे लढाईची जागा वादाचीच आहे. तरीही कोप्प या गावचा ईश्वर तो कोप्पेश्वर, ही व्युत्पत्ती मला कोपापेक्षा जवळची वाटते. गावाला पुढे वेगळे नाव मिळाले, बोली बदलली, ‘कोप्प’चा अर्थ विसरला गेला आणि उरलेल्या नावाला मराठीतला कोप सहज येऊन चिकटला, असा क्रम मी तिसऱ्या रकान्यात लिहिला आहे. सहकारीला तो मान्य नाही. तिचे म्हणणे असे की दोन लिंगांची प्रतिष्ठा हीच कथेला आधार आहे. तिचे मतही त्याच रकान्यात, तिच्या अक्षरात लिहिलेले आहे.

१६ नोव्हेंबर २०२४, शनिवार

काल त्रिपुरारी पौर्णिमा होती. या रात्री चंद्र स्वर्गमंडपाच्या तोंडातून बरोबर मध्यावर येतो, असे सांगितले जाते आणि ते पाहायला मोठी गर्दी होते. आम्हीही गर्दीत होतो. मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात चंद्र माथ्यावर आला, शिळेवर उजेडाचे गोल पडले आणि खांबांच्या गुळगुळीत कड्यांवर ते सरकू लागले. त्या पंधरा मिनिटांत मी काहीही मोजले नाही.

आज सकाळी हिशेब मांडला. खिद्रापूर सुमारे १६.७ उत्तर अक्षांशावर आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो. नोव्हेंबरच्या मध्यावर सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला साडेअठरा अंशांच्या आसपास असतो, म्हणून चंद्र साधारण तेवढाच उत्तरेला असतो आणि या गावाच्या माथ्याजवळून जातो. मात्र चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली आहे आणि त्या कलाची दिशा १८.६ वर्षांत एक फेरी पूर्ण करते. त्यामुळे चंद्र काही वर्षी माथ्याच्या उत्तरेने, तर काही वर्षी किंचित दक्षिणेने जातो. काल तो माथ्यापासून सुमारे ६ अंश उत्तरेला होता. शिळेच्या मध्यावरून पाहता वरचे तोंड कित्येक अंशांचे आहे, म्हणून हा फरक नुसत्या डोळ्यांना जाणवत नाही.

याचा दुसराही अर्थ निघतो. जानेवारीच्या अखेरीस सूर्य पुन्हा दक्षिणेला तितकाच असतो, म्हणून त्या सुमाराच्या पौर्णिमेलाही चंद्र माथ्याच्या तितकाच जवळून जातो. मधल्या मार्गशीर्षातल्या पौर्णिमेलाही तो उत्तरेकडून का होईना, तोंडातून दिसतोच. सूर्यही मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येथे भर दुपारी माथ्यावर येतो. या अक्षांशावर छताला गोल तोंड ठेवले की हे सगळे आपोआप घडते. कार्तिकातली रात्र वेगळी ठरते ती सणामुळे, दीपोत्सवामुळे आणि पावसाळ्यानंतर निवळलेल्या आकाशामुळे. मंडप याच एका पौर्णिमेसाठी बांधला, हे विधान मी पहिल्या रकान्यात येऊ देणार नाही, मग माहितीफलकावर ते कितीही शोभून दिसो. कारागिरांना आकाश कळत नव्हते, असा याचा अर्थ कोणी काढू नये.

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

शिवमंदिरात नंदी नाही, ही खिद्रापूरची आणखी एक ख्यात गोष्ट. सती नंदीवर बसून माहेरी दक्षाच्या यज्ञाला गेली, म्हणून नंदी येथे नाही आणि तो नदीपलीकडे यडूरला आहे, असे सांगतात. आज यडूरला जाऊन आलो. तेथले देवस्थान वीरभद्राचे आहे, आणि दक्षाचा यज्ञ उद्ध्वस्त करणारा तो वीरभद्रच. एकाच कथेची दोन टोके दोन काठांवर, आणि आज दोन राज्यांत, नांदत आहेत. वास्तूच्या दृष्टीने पाहिले तर नंदीमंडप जेथे असायचा त्या अक्षावर येथे स्वर्गमंडप आहे. नंदी पूर्वी होता आणि हलवला, की आराखड्यातच त्याला जागा नव्हती, याचे उत्तर कथेत शोधू नये. आम्ही मात्र नकाशाच्या कागदावर यडूरपर्यंत एक तुटक रेघ ओढली आहे. गावाच्या मनात मंदिराची हद्द तेथवर जाते, आणि वारशाच्या नोंदीत तीही यायला हवी.

७ डिसेंबर २०२४, शनिवार

रेखाटने पक्की करण्याचे काम चालू आहे. सभामंडपाच्या दोन खांबांची जागा चुकली होती, ती छायाचित्रांवरून दुरुस्त केली. चूक माझी, मोजमाप सांगताना मी टेपची दुसरी बाजू वाचत होतो.

पुराची वेगळी टिपणे काढली. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांत शिरोळ तालुक्याला कृष्णेने वेढले होते. बेसाल्टला पाण्याची भीती नाही, पण पाण्याबरोबर आलेला बारीक गाळ कोरीव कामाच्या खाचांत बसतो, आणि पुरानंतरची साफसफाई लोखंडी ब्रशने किंवा जोराच्या फवाऱ्याने झाली तर पुरापेक्षा मोठे नुकसान होते. सांध्यांत सिमेंट भरण्याचा मोह सगळीकडे होतो. अशा भिंतीतली ओल आधी सांध्यांतूनच बाहेर पडते. सिमेंटने ती वाट बुजली की ओल दगडाच्या पृष्ठभागातून निघू लागते, तिच्याबरोबरचे क्षार तेथेच साठतात आणि नक्षीचे पापुद्रे सुटतात. दुरुस्ती करायचीच असेल, तर चुना वापरावा, असे शिफारशीच्या पानावर ठळक लिहिले आहे.

घरांच्या बाबतीत मात्र अहवालाची भाषा सौम्य ठेवायची आहे. प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या बदलानुसार संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. खिद्रापुरात या वर्तुळात बरीचशी वस्ती येते. पुरात भिंत खचलेल्या माणसाला तीच भिंत उभारण्यासाठी परवानगीचे कागद जमवावे लागतात. मंदिराच्या नकाशावर ही वर्तुळे आम्ही ओढली, पण त्यांच्या आतली घरेही ओढली आहेत. मंदिराच्या रेखाटनांत आजूबाजूची घरे बहुधा पुसलेली असतात, तशी ती येथे पुसलेली नाहीत.

पुढची भेट जूनमध्ये, पहिल्या मोठ्या पावसात करायची आहे. स्वर्गमंडपाच्या तोंडातून आत पडणारे पाणी गोल शिळेवरून कोणत्या दिशेने वाहते आणि कोठून बाहेर पडते, ते पाहायचे. शिळेला मुद्दाम उतार दिलेला सापडला, तर छत उघडे ठेवण्याचा हेतू तिसऱ्या रकान्यातून पहिल्यात आणता येईल. पाणसळ आणि मेणकापडाची वही बरोबर घ्यावी.